इंजिन गेल्यावर ट्रान्स्फर केस

जुन्या जिप्सीतून किंवा जीपमधून इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर बसविण्याचा संकल्प जो करतो, तो बहुधा आरंभी बॅटरीच्या क्षमतेची चौकशी करतो, मग खर्चाचा अंदाज घेतो, आणि सर्वांत शेवटी मोटरीच्या पाठीमागे काय जोडावयाचे या प्रश्नाकडे वळतो. वास्तविक हाच प्रश्न प्रथम सुटावयास हवा. कारण मोटर किती मोठी लागेल, कंट्रोलरला किती प्रवाह पुरवावा लागेल आणि घाट चढताना मोटर किती तापेल, ही सारी गणिते मोटर आणि चाक यांच्यामधील दातेरी चक्रांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतात. क्लचसह जुना गिअरबॉक्स तसाच ठेवणे, सर्व काही काढून मोटर थेट डिफरन्शियलला जोडणे, आणि गिअरबॉक्सला रजा देऊन गाडीचे गतिनियमन केवळ ट्रान्स्फर केसवर सोपविणे, असे तीन मार्ग संभवतात. यांपैकी तिसरा मार्ग चारही चाके चालविणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो कोणत्या अटींवर शहाणपणाचा ठरतो आणि कोठे मुळीच ठरत नाही, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला गिअरबॉक्स लागतो तो त्याच्या एका जन्मजात उणिवेमुळे. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली ते चालूच राहत नाही, आणि ज्या टप्प्यात ते खरा जोर देते तो टप्पाही अरुंद असतो. विजेच्या मोटरीला ही बंधने नाहीत. ती शून्य फेऱ्यांवरही आपला पूर्ण टॉर्क देते, काही हजार फेऱ्यांपर्यंत तो टिकवते, आणि त्यापुढे टॉर्क उतरत गेला तरी शक्ती पुष्कळ अंतरापर्यंत कायम राखते. यावरून मोटरीला गिअरची गरजच नाही, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती मात्र अर्धीच खरी आहे. टॉर्क प्रवाहातून उत्पन्न होतो, आणि प्रवाहाने वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता त्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सबब, चाकावर हवा असलेला जोर मोटरीने कमी टॉर्क व अधिक फेरे देऊन पुरवावा, हेच तिच्या प्रकृतीला मानवते. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या विजेच्या मोटारींतही म्हणूनच एकच एक, परंतु चांगले खोल गुणोत्तर ठेवलेले असते: निसान लीफमध्ये ते ८ च्या आसपास आहे, तर टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये ९.७३. म्हणजे चाकाचा एक फेरा पुरा होतो तेव्हा मोटरीचे आठ ते दहा फेरे झालेले असतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व हिशेबाचे माप तेच आहे.

ट्रान्स्फर केसचे मूळ काम गिअरबॉक्समधून आलेली गती पुढच्या व मागच्या कण्यांत वाटून देण्याचे. पण त्याच्या जोडीला तिच्यात बहुधा दोन गतीही असतात, एक नित्याच्या रस्त्यासाठी, जिला चालक ‘हाय’ म्हणतात, आणि दुसरी चिखल, खडा चढ व ओढकाम यांसाठी, जिला ‘लो’ म्हणतात. म्हणजे जी पेटी गाडीच्या पोटाखाली आधीपासूनच बसलेली आहे, ती स्वभावतःच दोन गतींचा एक छोटा गिअरबॉक्स आहे. मोटरीला दोनांहून अधिक गतींचा विशेष उपयोग नसल्यामुळे पाच गतींचा मूळ गिअरबॉक्स, त्याचा क्लच आणि त्याचे जड फ्लायव्हील हे सर्व अनावश्यक ओझे ठरते, आणि ते काढल्याने जी जागा मोकळी होते तीत मोटर सहज बसते.

प्रत्यक्ष उदाहरणासाठी मारुती जिप्सी घेऊ, कारण महाराष्ट्रात अशा फेरफारासाठी हाती येणाऱ्या गाड्यांत तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. सुझुकीच्या एसजे घराण्यातील ही गाडी १९८५ साली भारतात आली, १९९६ साली तिला १.३ लिटरचे इंजिन मिळून ती ‘जिप्सी किंग’ झाली, आणि सैन्यापासून वनखात्यापर्यंत अनेक सरकारी दप्तरांच्या दारात ती वर्षानुवर्षे उभी राहिली. २०२३ साली भारतीय सेनेनेही आपल्या जुन्या जिप्सींचे विद्युतीकरण आयआयटी दिल्लीच्या सहकार्याने करून पाहिले, यावरून हा उद्योग केवळ हौशी लोकांचा छंद राहिलेला नाही हे दिसून येईल. जिप्सीची खरी खुबी अशी की, तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती चेसिसवर रबरी बैठकींच्या आधाराने स्वतंत्रपणे बसविलेली असून गिअरबॉक्स व ती यांच्यामध्ये एक आखूड प्रोपेलर शाफ्ट असतो. परिणामी मोटर बसविणाऱ्याला ट्रान्स्फर केसच्या तोंडाशी मोटर केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने जुळविण्याची कसरत करावी लागत नाही. मोटर तिच्या पाळण्यात ठेवावी, आखूड शाफ्ट तसाच मध्ये राहू द्यावा, आणि जुळणीतील थोडाबहुत फरक त्या शाफ्टच्या दोन क्रॉसवर सोपवावा.

आता गुणोत्तरे पाहू. जिप्सी किंगच्या ट्रान्स्फर केसचे हाय गुणोत्तर १.४०९ आणि लो २.२६८ आहे, आणि तिच्या क्राऊन-पिनियनचे ३.९०९. यांचा गुणाकार केला म्हणजे मोटरीपासून चाकापर्यंतचे एकूण मंदन हायमध्ये ५.५१ आणि लोमध्ये ८.८७ येते. हा दुसरा आकडा पाहून जाणकाराने थांबावे. कारण विजेच्या मोटारींचे कारखाने मोठ्या विचारान्ती ज्या आठ ते दहाच्या टप्प्यावर येऊन स्थिरावले आहेत, नेमक्या त्याच टप्प्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या या पेटीची, चिखलासाठी योजलेली गती पडते. लो म्हणजे केवळ संकटकाळची गती ही जुन्या चालकांची धारणा मोटर बसविल्यावर बदलावी लागते. विजेच्या जिप्सीत लो ही गावातली व घाटातली नित्याची गती आणि हाय ही लांबच्या सपाट रस्त्याची गती, असा विभाग करणे इष्ट आहे.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो? १५ इंची चाकावरील २०५/७० मापाच्या टायरचा एक फेरा सुमारे दोन मीटर चार सेंटिमीटर अंतर कापतो असे धरले, तर ताशी ६० कि.मी. वेगाला मोटर हायमध्ये मिनिटाला सुमारे २,७०० आणि लोमध्ये ४,३४० फेरे घेईल. ताशी १०० कि.मी. वेगाला हेच आकडे सुमारे ४,५०० आणि ७,२०० असे होतील. चढाचा हिशेब याहूनही बोलका आहे. माणसे व सामान यांसह १,५०० किलोग्रॅमची गाडी एकास पाच अशा चढावर उभी आहे, आणि तेथून तिला उचलून पुढे न्यावयाचे आहे, असे समजा. असा चढ आपल्या राजमार्गांवर सहसा नसतो, पण घाटमाथ्यावरून वाडीवस्तीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर तो पुष्कळदा भेटतो. तेथे चाकांवर मिळून सुमारे १,००० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, आणि मधल्या दात्यांतील घर्षणाची तूट धरून मोटरीला तो हायमध्ये दोनशेहून थोडा अधिक, तर लोमध्ये १३० न्यूटन-मीटरच्या आसपास द्यावा लागतो. फरक दीडपटीहून थोडासाच अधिक, परंतु उष्णता वर्गाने वाढते हे स्मरले म्हणजे त्याच चढावर त्याच मोटरीची वेटोळी हायमध्ये अडीचपट तापतात हे उमगेल. ट्रान्स्फर केस ठेवल्याने लहान मोटर व स्वस्त कंट्रोलर यांवर भागते, हे जे म्हटले जाते त्याचा सारा आधार एवढाच आहे, आणि तो पुरेसा भक्कम आहे.

तथापि कागदावरची गुणोत्तरे प्रमाण मानून कोणी मोटर मागवू नये. याच घराण्यातील जुन्या सुझुकी एसजे४१० च्या ट्रान्स्फर केसमध्ये गुणोत्तरे १.५८० आणि २.५११ अशी आहेत. भंगाराच्या बाजारातून पेट्या या गाडीतून त्या गाडीत जात असतात. आणि काही हौशी मालकांनी डोंगरी शर्यतींसाठी लोचे दाते मुद्दाम अधिक खोल करून घेतलेले असतात. परीक्षा सोपी आहे. पेटीच्या आत येणाऱ्या फ्लँजवर व मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या फ्लँजवर खडूची खूण करावी, आतला फ्लँज हाताने दहा वेळा पुरा फिरवावा, आणि मागचा किती फिरला ते मोजावे. हायमध्ये तो सात फेऱ्यांहून किंचित अधिक आणि लोमध्ये सुमारे चार फेरे व पाव-अर्ध्याच्या दरम्यान फिरला, तर पेटी वर सांगितलेल्या गुणोत्तरांची आहे. डिफरन्शियलचीही अशीच परीक्षा घ्यावी. मात्र तेथे मागची दोन्ही चाके सारखी फिरतील याची खबरदारी हवी, एरवी मोजणी निम्म्याने चुकते.

आता या योजनेतील खरी मेख सांगतो, कारण अनेकांचा उत्साह नेमका येथे येऊन अडतो. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचा दांडा ज्या क्रमाने सरकतो त्यात मागील दोन चाकांची हाय, चारही चाकांची हाय, न्यूट्रल आणि चारही चाकांची लो अशा जागा आहेत. मागील दोनच चाकांवर चालणारी लो त्यात नाही. निर्मात्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण लोमध्ये गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरने वाढविलेला टॉर्क एकट्या मागच्या कण्यावर पडला असता तर तो कणा फार दिवस टिकला नसता. पण जी लो आपल्याला गावात नित्य वापरावयाची आहे, ती पुढची चाके जोडल्यावाचून मिळत नाही, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून चालणे अनिष्ट आहे. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. पुढच्या व मागच्या कण्यांमध्ये डिफरन्शियल नसल्याने हा फरक कोठेच जिरत नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो फेडतात, डांबरावर मात्र तो शाफ्ट व दाते यांत पीळ होऊन साठत जातो, स्टीअरिंग जड होते, टायर झिजतात आणि शेवटी दांडा लोमधून निघेनासा होतो.

यावर तोडगा पुढच्या चाकांच्या हबांत आहे. गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवून जोडता-सोडता येणारे हब असतील, तर ते सोडून ठेवावेत आणि दांडा लोमध्ये टाकावा. पुढचा शाफ्ट मोकळा फिरत राहतो, पुढची चाके त्याला जोडलेली नसतात, आणि गाडी मागच्या दोन चाकांवर लोमध्ये निर्वेध चालते. ज्या गाडीला असे हब नाहीत, तिच्या मालकाने मोटर घेण्याआधी ते बसविण्याची तजवीज करावी. पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवितात. सपाट शहरात वावरणाऱ्या गाडीला तो चालेलही, पण जिचे चार चाकांचे बळ काढून घेतले ती जिप्सी राखण्यात स्वारस्य ते काय उरले?

येथे एक शंका योग्यच आहे: निर्मात्याने ज्या भयाने मागच्या चाकांची लो दिली नाही, ते भय आपल्याला का नसावे? त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. जिप्सी किंगचे इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५२ आहे, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या तोंडाशी मूळ गाडीतही सुमारे ३७५ न्यूटन-मीटर पोहोचत असत. त्यात हायचे १.४०९ मिसळले की मागच्या एकट्या शाफ्टवर सुमारे ५३० न्यूटन-मीटर पडत, आणि तेवढे तो निर्मात्याच्या संमतीनेच सोसत होता. हीच मर्यादा आपण लोमध्ये पाळावयाची ठरविली, तर ५३० ला २.२६८ ने भागून मोटरीचा टॉर्क सुमारे २३० न्यूटन-मीटर येतो. म्हणून माझा स्पष्ट अभिप्राय असा की, हब सोडून लोमध्ये नित्य चालणाऱ्या जिप्सीच्या मोटरीचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास ठेवावा, आणि मोटर याहून बलवान असेल तर कंट्रोलरमध्ये तिला तेवढ्यावर बांधून घालावे. मर्यादा येथे ट्रान्स्फर केस घालत नाही, मागचा कणा घालतो. चर्चेत बहुधा उलटेच ऐकू येते.

मर्यादा पाळूनही एक जोखीम उरते, ती आघाताची. जुन्या गाडीत क्लच हा एक प्रकारचा जामीन होता. टॉर्क अवाजवी झाला की तो घसरून बाकीच्यांना वाचवीत असे. मोटर आणि दाते यांच्यामध्ये आता असे घसरणारे काहीच नाही, आणि मोटरीचा टॉर्क क्षणाच्या लहानशा अंशात शून्यापासून शिखरापर्यंत चढू शकतो. दात्यांमधील मोकळीक प्रथम खटकन भरते आणि मग सारा भार एकदम त्यांच्यावर कोसळतो. याचा बंदोबस्त कंट्रोलरमध्येच करावा: टॉर्क चढण्याचा वेग सौम्य ठेवावा, आणि पेडलवरून पाय काढताच सुरू होणारे पुनर्जनन, म्हणजे उतारावर मोटरीनेच वीज परत निर्माण करून गाडीला आवरणे, तेही हळूहळू लागेल असे करावे. पावसाळ्यात लाल मातीच्या घसरड्या उतारावर केवळ मागच्या चाकांनी केलेले जबर पुनर्जनन गाडीचा मागचा भाग बाजूला फेकू शकते. अशा वेळी हब जोडून चारही चाकांनी उतरावे. मग पुनर्जननाचा भार चौघांत वाटला जातो, आणि लोच्या खोल गुणोत्तराने गाडी ब्रेकला फारसा हात न लावता उतरते.

फेऱ्यांच्या बाबतीतही पेटीची स्वतःची एक मर्यादा आहे. मूळ गाडी ताशी १२० कि.मी. वेगाने धावे तेव्हा ट्रान्स्फर केसच्या आत येणारा शाफ्ट मिनिटाला सुमारे ५,४०० फेरे घेई. मोटरीला ८,००० फेरे अवघड नसले तरी पेटीची बेअरिंगे, ऑइल सील व उडत्या तेलावर होणारे वंगण यांची सवय त्या ५,४०० पर्यंतचीच. आणि लोमध्ये हा आकडा ताशी ७५ कि.मी. वेगाला गाठला जातो. त्यापुढे लोमध्ये जाऊ नये, गाडी थांबवून हायमध्ये यावे. ८०डब्ल्यू-९० जातीचे गिअर ऑइल बदलून पातळी बरोबर राखावी. या पेटीत ते लिटरभरही मावत नाही, त्यामुळे सीलमधून होणारी थोडीशी गळतीही दुर्लक्षिण्याजोगी नसते. पहिल्या काही दिवसांच्या प्रवासांनंतर पेटीला हाताची पाठ लावून पाहावी. ती टेकविणे अशक्य व्हावे इतकी तापत असेल, तर तेलाची पातळी व बेअरिंगे तपासावीत. दात्यांचा एक बारीक विव्हळणारा आवाज मात्र येणारच. तो पूर्वीही होता, इंजिनाच्या गोंगाटात बुडालेला असे.

‘दोन गतींचा गिअरबॉक्स’ या वर्णनाने कोणी फसू नये म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे: ही पेटी चालत्या गाडीत गिअर बदलण्यासाठी नाही. हाय आणि लो यांच्यामध्ये गती जुळवून घेणारी सिंक्रोची व्यवस्था तिच्यात नसते. दात्यांची बाही दुसऱ्या दात्यांवर सरळ सरकते, आणि वेग जुळलेले नसतील तर कडा खरडून निघतात. मोटरीच्या फेऱ्यांचे नियंत्रण कंट्रोलरकडे असल्याने चालत्या गाडीत वेग जुळवून दांडा टाकण्याची यंत्रणा तत्त्वतः रचता येईल. परंतु त्यासाठी लागणारे संवेदक व आज्ञावली यांचा खटाटोप पाहता तो नाद सामान्य मालकाने धरू नये. गाडी उभी करावी, पेडलवरून पाय काढावा, दांडा सरकवावा; दाते एकमेकांसमोर आडवे आले आणि दांडा अडला, तर मोटरीला अगदी किंचित हलवून पुन्हा प्रयत्न करावा. घाटाच्या पायथ्याशी एकदा आणि माथ्यावर एकदा, एवढाच हा विधी. आणि जे दिवसभर गावातच फिरतात त्यांना तो करावाही लागत नाही.

जुळणीविषयी थोडे. गिअरबॉक्सच्या शेपटाकडील फ्लँज व स्प्लाइन टाकून देऊ नयेत. मोटरीच्या दांड्याला बसणारे कप्लिंग लेथवर करवून घेताना ते उपयोगी पडतात, आणि आखूड शाफ्ट मूळचाच वापरता येतो. या शाफ्टची दोन्ही टोके एकमेकांशी समांतर असावीत आणि क्रॉसवरील कोन शक्य तितका लहान ठेवावा. नित्य लोमध्ये चालताना हा शाफ्ट मूळ गाडीत रस्त्यावरील त्याच वेगाला जितका फिरे त्याहून आता अधिक वेगाने फिरणार असल्याने त्याचा तोल यंत्रावर तपासून घेणे अगत्याचे आहे. मोटरीचा पाळणा केवळ तिचे वजन पेलण्यापुरता नसावा. जितका टॉर्क ती पुढे देते तितक्याच जोराने ती स्वतः उलट फिरू पाहते. ट्रान्स्फर केसच्या रबरी बैठकी तर जुन्या जिप्सीत बहुधा कडक होऊन चिरलेल्याच असतात; त्या नव्या घालाव्यात. या कामात कंजूषी करणाऱ्याला मोटर सुरू होताच पेटी कूस बदलताना दिसेल.

इंजिनाबरोबर आणखी काही अदृश्य सेवक गाडी सोडून जातात, त्यांचीही व्यवस्था लावावी लागते. चढावर गाडी गिअरमध्ये टाकून सोडण्याचा जुना शिरस्ता आता निरुपयोगी आहे, कारण बंद मोटर गाडीला अडवून धरीत नाही, आणि दांडा न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर मोटरीचा चाकांशी संबंधच उरत नाही. सारा भरवसा हॅण्डब्रेकवर. काही जीप-वर्गीय गाड्यांत हॅण्डब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावरच असतो, म्हणून पेटी उघडताना त्याची दुरुस्तीही त्याच खेपेला उरकावी. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पेटी इंजिनाच्या ओढीवर चाले, तिच्यासाठी विजेवर चालणारा निर्वात पंप हवा. मागे जाण्यासाठी निराळ्या गिअरची गरज नाही, मोटर उलट फिरविली की झाले. मात्र त्या दिशेची गती कंट्रोलरमध्ये मर्यादित करावी. स्पीडोमीटरची तार जिप्सीत ट्रान्स्फर केसमधूनच निघते, तेव्हा तो पूर्ववत चालू राहतो, हा एक अनपेक्षित लाभ.

विलीज वंशाच्या जुन्या जीपची गोष्ट काहीशी निराळी आहे. तिची स्पायसर १८ जातीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला घट्ट बोल्ट केलेली असून तिचे पहिले चक्र गिअरबॉक्सच्याच मुख्य दांड्याच्या शेपटावर बसलेले असते. गिअरबॉक्स काढला की ते चक्र निराधार होते, आणि त्यासाठी बेअरिंगसह नवे घर व नवा दांडा घडवून घ्यावा लागतो. हे काम चांगल्या टर्नरचे आहे, गॅरेजचे नव्हे. ज्यांना एवढे करावयाचे नाही त्यांनी गिअरबॉक्स जागेवर ठेवून त्याला थेट गतीच्या तिसऱ्या गिअरमध्ये कायमचे डांबून टाकावे. वजन वाचत नाही, पण काम होते. दोन दांड्यांच्या सीजे-३बी मध्ये पुढचा कणा जोडल्यावाचून लो लागू नये म्हणून आत एक अडसर असतो, तो काढल्यास मागच्या चाकांची लो मिळते. मात्र तिचे मूळ डिफरन्शियल ५.३८ चे आणि लो २.४६ ची असल्याने गुणाकार १३ च्या वर जातो. ही लो केवळ खड्या चढापुरतीच, नित्य प्रवास हायमध्येच करावा. लॅण्डरोव्हरच्या एलटी२३० सारख्या पेट्यांत पुढच्या-मागच्या कण्यांमध्ये स्वतंत्र डिफरन्शियल असल्यामुळे चारही चाकांची लो डांबरावरही बिनधोक वापरता येते, आणि त्या दृष्टीने ती या कामाला उत्कृष्ट. साखळीने चालणाऱ्या अलीकडच्या पेट्यांत हाय थेट एकास एक असल्याने तूट कमी, पण साखळीची झीज आधी मोजून घ्यावी.

ज्या मोटारीत मुळात ट्रान्स्फर केस नाही, तिच्यात केवळ दोन गती मिळाव्यात म्हणून ती आणून बसविण्याचा सल्ला मी देणार नाही. पुढच्या कण्याकडे जाणारे तिचे अर्धे अंग निरर्थक वजन होऊन बसते, बाहेर पडणारा दांडा आत येणाऱ्याच्या रेषेत नसल्याने शाफ्टची मांडणी बिघडते, आणि शक्ती दोन ठिकाणच्या दात्यांतून जाताना प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी उष्णतेत विरते. अशा गाडीला योग्य गुणोत्तराचे डिफरन्शियल किंवा मोटरीसह तयार मिळणारा मंदक हाच खरा उपाय.

राहता राहिला सरकारी मंजुरीचा प्रश्न, आणि तो शेवटी सांगितला म्हणून दुय्यम समजू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी झालेल्या वाहनात नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून असा मूलभूत फेरफार करता येत नाही. पेट्रोल वा डिझेलच्या गाडीचे पूर्ण विद्युतीकरण करणाऱ्या किटासाठी एआयएस-१२३ या मानकाचा तिसरा भाग लागू आहे, आणि किटाची त्यानुसार तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत व्हावी लागते. किट विकत घेताना विक्रेत्याकडून मान्यतेचा दाखला मागून घ्यावा, तो आपल्याच गाडीच्या जातीसाठी आहे हे वाचून पाहावे, आणि त्यात गिअरबॉक्स काढून ट्रान्स्फर केस थेट जोडण्याची मांडणी धरली आहे की नाही याची लेखी खात्री करून घ्यावी; घरच्या टर्नरने कितीही सुबक कप्लिंग केले तरी आरटीओच्या निरीक्षकापुढे कागदच बोलतो. आणि नोंदणी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात नवी नोंद होऊन हाती येईपर्यंत गाडी आपल्या आवाराबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर काढू नये.